गाडी सुरू होत नाही? आधी बॉनेट आपणच उघडू या

2024 च्या ऑगस्ट महिन्यातली गोष्ट. रात्रीचा दीड वाजला होता आणि संध्याकाळपासून लागलेला पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता. आमच्या बाबांना दम्याचा जुना त्रास आहे. त्या रात्री त्यांना बसवतही नव्हते आणि झोपवतही नव्हते. आमचे गाव सडक अर्जुनी तालुक्यात, कोहमाऱ्याच्या मोठ्या रस्त्यापासून बरेच आत. पण दारात आपली गाडी उभी आहे, या भरवशावर आम्ही बाबांना उचलून मागच्या सीटवर बसवले, आई जवळ बसली, आम्ही चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक, टक. त्यापलीकडे काही नाही.

शेजारच्या पाच-सहा पोरांनी चिखलात धक्का मारून पाहिला. चाके फसली. अखेर भाजीपाला नेणाऱ्या एका भावाला उठवले आणि त्याच्या छोट्या मालगाडीत, ताडपत्रीखाली, बाबांना दवाखान्यात नेले. बाबा वाचले. पण ताडपत्री धरून बसलेल्या आईचा चेहरा आम्ही विसरलेलो नाही.

दोन दिवसांनी एका कारागिराला बोलावले. त्याने चावी फिरवली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "बॅटरी गेली भाऊ." नवी बॅटरी बसली, जुनी बदल्यात गेली आणि मजुरीसकट 4200 रुपये आमच्या खिशातून गेले. त्या वर्षी, म्हणजे 2024-25 साली, आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. चौदा दिवस उन्हात माती टाकावी तेव्हा एवढा पैसा हातात येतो. तीन आठवड्यांनी, लग्नाच्या बोलणीला निघताना, गाडी पुन्हा म्हणाली, टक.

आमच्या मोहल्ल्यात एक मामा आहेत. एसटीच्या आगारात त्यांचे आयुष्य गेले. त्यांना जयभीम घालून गाऱ्हाणे सांगितले. मामा चष्मा पुसत आले, बॉनेट उघडले, बॅटरीकडे पाहिलेदेखील नाही. बॅटरीपासून निघालेली काळी वायर जिथे गाडीच्या पत्र्याला नटाने आवळलेली असते, तिथे त्यांनी बोट लावले. नटाखाली सगळा गंज.

"बॅटरीले कायले दोष देता जी?" मामा म्हणाले. "तलाव भरला आहे. पाटाच्या तोंडावर गाळ बसला, तर बांधीत पाणी कुठून येईल?"

दहा नंबरचा पाना आणि सँडपेपरचा एक तुकडा. पंधरा मिनिटांत गंज खरवडून, पत्रा चकचकीत करून, नट पुन्हा आवळला. चावी फिरवली आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. खर्च काहीच नाही. जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती. नव्या बॅटरीच्या जोरावर तीन आठवडे निघाले एवढेच. त्या कारागिराला आम्ही चोर म्हणत नाही. त्याच्या दारात त्या दिवशी सहा गाड्या उभ्या होत्या आणि शोधत बसण्यापेक्षा बदलणे सोपे. दोष आमचाच होता. गाडी आमची, पण बॉनेट कुठून उघडते एवढेच काय ते आम्हाला ठाऊक होते.

ही गाडी म्हणजे 1998 ची मारुती 800. आम्हा दोघा भावांत घेतलेली, तिसऱ्या हातची. पाटीवर अजून नागपूरचा एमएच 31 आहे. गोंदिया जिल्हा झाला 1 मे 1999 रोजी, म्हणजे आमची गाडी आमच्या जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी! या मॉडेलची पहिली गाडी डिसेंबर 1983 मध्ये ग्राहकाच्या हाती गेली आणि जानेवारी 2014 मध्ये ती बनणे बंद झाले. पण खेड्यापाड्यांत आजही ती दिसते. शाळेत शिकवणाऱ्या, रेल्वेत कामाला असणाऱ्या, दोघा-तिघा भावांनी मिळून घेतलेल्या घरांच्या दारात. तीन सिलिंडरचे 796 सीसीचे साधे इंजिन, बॉनेट उघडले की सगळे समोर दिसते. घरच्या माणसाने शिकावे अशी गाडी याहून सोपी मिळणार नाही.

त्या दिवसापासून आम्ही मामांच्या मागे लागलो. आमची लेक दहावीत आहे. ती आधी नुसती टॉर्च धरायची, मग पाने हातात द्यायला लागली आणि आता आमच्या आधी तीच बॉनेट उघडते. तिने एक वही केली आहे. त्या वहीतले आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

गाडी सुरू होत नसेल तर घाबरू नये, आधी कान द्यावा. चावी फिरवल्यावर नुसती टक-टक होत असेल, तर सेल्फपर्यंत पुरेसा करंट पोहोचत नाही असे समजावे. हेडलाइट लावून चावी फिरवा आणि कोणाला तरी समोर उभे करा. दिवा मरून गेला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा जोड खराब आहेत. दिवा तसाच लख्ख राहिला, तर बॅटरी ठीक असून सेल्फ किंवा त्याच्या वायरीत बिघाड आहे, आणि मग कारागीर बोलवावा. बॅटरीचे दोन्ही टर्मिनल हाताने हलवून पाहा. हाताने फिरले तर ते ढिले आहे. त्यावर पांढरा-निळसर भुगा साचला असेल, तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या दातांच्या ब्रशने घासा. फेस येतो, तो आम्ल मरत असल्याची खूण. मग पुसून, सँडपेपर मारून, आवळून वरून व्हॅसलीन लावा.

इथे एक नियम कधीही मोडू नये. काढताना आधी निगेटिव्ह, म्हणजे काळी वायर काढायची आणि लावताना ती सर्वांत शेवटी लावायची. पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला आणि काळी वायर जोडलेली असली, तर ठिणगी अशी उडते की पाना जागीच चिकटतो. बॅटरीतून पेट घेणारा वायूही निघत असतो, म्हणून बिडी-काडी तिथून दूर. हातावर पाणी उडाले तर लगेच धुवावे. बॅटरीतले पाणी आम्लाचे असते, साडीला लागले तर दुसऱ्या धुण्यात भोक पडते. आमच्या घरी एका साडीला पडले आणि त्याबद्दल आम्ही अजून ऐकतो.

शक्य झाल्यास एक साधे डिजिटल मीटर घरात ठेवा. दोन-अडीचशे रुपयांत मिळते आणि ते घरच्या विजेच्या कामालाही येते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर ते 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल, तर बॅटरी भरलेली आहे. 12 च्या खाली असेल, तर उतरलेली. मग गाडी चालू करून पुन्हा लावा. 13.8 ते 14.4 च्या दरम्यान आकडा आला, तर अल्टरनेटर बॅटरी भरतो आहे. चालू गाडीतही 12 च्याच आसपास राहिला, तर नवी बॅटरी आणूनही ती चार दिवसांत उतरणार. हे तीन आकडे आम्हाला ऑगस्टमध्ये ठाऊक असते, तर 4200 रुपये घरात राहिले असते.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, ही दुसरी तऱ्हा. पावसाळ्यात नव्वद टक्के वेळा हे ओलीचे काम असते, असे मामा म्हणतात. डिस्ट्रिब्युटर, ज्याला आपल्याकडचे कारागीर डेल्को म्हणतात, त्याच्या झाकणावर आणि प्लगच्या जाड वायरींवर ओल बसली की ठिणगी भलतीकडे पळते. गाडी बंद करून, चावी काढून, कोरड्या सुती फडक्याने झाकण आतून-बाहेरून आणि वायरी पुसून घ्या. झाकणाला बारीक काळी चीर दिसली, तर झाकण बदलावे. वायरी काढताना कोणती कुठली हे विसरायला होते, म्हणून एकेकच काढून लगेच लावायची. सेल्फ मारत असताना त्या वायरींना कोणीही हात लावू नये, फार मोठा झटका बसतो.

पेट्रोलचा भपकारा येत असेल आणि गळती कुठे दिसत नसेल, तर इंजिनात पेट्रोल जास्त झाले आहे. चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा, पंप मारू नका, आणि सेल्फ फिरवा. आठ-दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये विसावा द्या. सेल्फही जळतो.

प्लग तीनच आहेत. इंजिन थंड असतानाच काढावेत. त्यांचे तोंड पाहून गाडीची तब्येत कळते. तोंड वाळल्या तेंदूपानासारखे तपकिरी असेल तर सगळे ठीक. काजळीसारखे कोरडे काळे असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे किंवा एअर फिल्टर चोंदला आहे. तेलकट ओले असेल तर इंजिन ऑइल खाते आहे, ते काम मोठे. प्लग परत बसवताना आधी पाना लावू नका, बोटांनी फिरवत आत न्या, शेवटी थोडा आवळा. हेड ॲल्युमिनियमचे असते. आटे गेले की वीस रुपये वाचवायला जाऊन हजारोंना बसते.

आता तापण्याचे. आपल्याकडचा मे महिना काय असतो ते कोणाला सांगायला नको. त्यात पाच माणसे, डिक्कीत तांदळाचे पोते आणि गाडी नागपूरच्या वाटेवर. काटा वर जाऊ लागला की लगेच बाजूला घ्या, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि थांबा. अर्धा तास थांबा, पाऊण तास थांबा. आमच्या धाकट्या भावाला तेवढा धीर नव्हता. त्याने फडके घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवले. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब जातो आणि सगळे पाणी एकदम वाफ होऊन उसळते. त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत आज डाग आहे. चेहरा बाजूला होता म्हणून डोळे वाचले. तेव्हा घरातल्या लहानथोरांना हे एकच वाक्य पाठ करून घ्या: गरम गाडीचे झाकण उघडायचे नाही. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणीही ओतायचे नाही, हेडला तडा जातो.

का तापते, हे गार झाल्यावर पाहावे. होज पाइप दाबून पाहा, फुगलेला, चिरलेला किंवा क्लिपपाशी ओला असेल तर तोच चोर. या गाडीचा रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो. काटा वर असून पंखा फिरत नसेल, तर आधी त्याचा फ्यूज पाहा, मग वायरीचा जोड. मात्र चावी चालू असताना पंख्याजवळ बोट नेऊ नका, तो केव्हाही फिरतो.

आपल्या जिल्ह्यापुरते आणखी एक कारण आहे, जे पुण्या-मुंबईच्या पुस्तकात सापडणार नाही. धान निघायच्या दिवसांत, दिवाळीच्या पुढेमागे, रस्त्यावर पेंढ्या पसरलेल्या असतात, मळणी चालू असते, आणि राइस मिलच्या बाजूने गेलो की कोंडा हवेत असतो. हा सारा भुसा रेडिएटरच्या बारीक जाळीत जाऊन बसतो, वरून बांधीतला चिखल. बाहेरून जाळी ठीक दिसते, आत वारा शिरत नाही. गाडी थंड असताना इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने हलक्या धारेने पाणी मारा. जोराची धार मारली तर जाळीची पाने वाकतात. पहिल्यांदा आम्ही असे धुतले तेव्हा मूठभर भुसा निघाला आणि त्या उन्हाळ्यात काटा अर्ध्याच्या वर गेला नाही. रेडिएटरमध्ये नुसते विहिरीचे पाणी घालत राहू नका, त्याने आतून गंज धरतो. कूलंट घाला. वाटेत काही नसेल तेव्हा मात्र पाणी चालते.

दिवा, हॉर्न, वायपर यांपैकी काही एकदम बंद पडले, तर डॅशबोर्डखालची फ्यूजची पेटी आधी पाहा. जितक्या अँपिअरचा फ्यूज होता तितक्याच अँपिअरचा घाला. तार किंवा सिगारेटची चांदी गुंडाळून काम भागवणारे पुष्कळ आहेत, त्यांना हात जोडून सांगणे आहे की असे करू नका. फ्यूज आपण जळतो म्हणून वायर वाचते. त्याला तार लावली की वायर जळते आणि वायरीबरोबर गाडी. तोच फ्यूज पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर उघडी पडली आहे. आमच्याकडे ते काम उंदरांचे निघाले. घरात धान म्हणजे उंदीर आलेच, आणि थंडीच्या रात्री गरम इंजिनासारखी जागा त्यांना कुठे मिळणार? कोणी सांगितले म्हणून आम्ही बॉनेटमध्ये तंबाखूची पाने ठेवली. चार दिवस बरे गेले, मग पानेच गायब झाली. त्यांना व्यसन लागले असावे! आता दर रविवारी बॉनेट उघडून पाहणे हाच उपाय.

पावसात पुढच्या सीटखालची चटई ओली होत असेल, तर वरून गळते असे समजू नका. काचेखाली, वायपरच्या मुळाशी, पाणी वाहून जायला भोके असतात. गाडी आंब्याखाली उभी असेल तर ती पानांनी बुजतात आणि पाणी आत उतरते. पाने वेचून काढावीत, बारीक काडीने भोक मोकळे करावे. दोन मिनिटांचे काम आहे. आम्हाला हे उशिरा कळले, तोवर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा गंजला होता.

पेट्रोलच्या नळ्यांचे मात्र आवर्जून सांगायचे आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते, त्यामुळे नळ्या कडक होणे, चिरणे, पाझरणे वाढते. महिन्यातून एकदा बोटाने वाकवून पाहा. उभ्या गाडीजवळ पेट्रोलचा वास आला, तर चावी लावूच नका, आधी नळी बदलून घ्या. इथेनॉल पाणीही ओढते, म्हणून पावसाळ्यात गाडी महिना-महिना उभी ठेवू नये, आठवड्यातून एकदा तरी फिरवावी.

चाक बदलणे हे घरातल्या प्रत्येकाला यावे, बायकांनाही. चारही नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग जॅक लावायचा. आवळताना समोरासमोरचे आवळायचे. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके किंवा हात घालू नये. आधाराला लाकडाचा ओंडका ठेवा, वीट नको, वीट भाराने अचानक फुटते.

आणि जिथे आम्ही हात लावत नाही ते ब्रेक आणि स्टिअरिंग. ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी पाहणे आपले काम. ती उतरत असेल किंवा पेडल खोल जात असेल, तर गाडी उभी करून कारागिराकडेच. तिथे शिकाऊपणा नको.

आमच्या एका नातेवाइकाने, चांगल्या नोकरीत असलेल्या, लेकीचे काळे हात पाहून नाक मुरडले. "पोरीले शिकवता अन् हे कामं करवता?" शिकलेल्या माणसाने हात काळे करायचे नाहीत, ही समजूत आपल्यात कुठून आली? आपल्या आजोबांचे हात कामाने काळे होते, पण ते काम का होते, कसे होते, हे त्यांना कोणी सांगितले नाही. लेकीला व्होल्ट म्हणजे काय ते शाळेत शिकवले आणि मामांनी ते बॅटरीवर दाखवले. आता ती आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुलींना घेता येतो का, असे विचारत असते. येतो, असे आम्ही सांगितले. पुढचे ती ठरवील.

गाडी किती दिवस ठेवायची हाही हिशेब आहेच. 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी फेरनोंदणी करावी लागते. 1 एप्रिल 2022 पासून तिची फी 600 रुपयांवरून 5000 झाली, ती आम्ही 2023 मध्ये भरली. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या मोटारीसाठी ती 10,000 करण्यात आली. म्हणजे 2028 मध्ये आमच्यापुढे दहा हजारांचा प्रश्न उभा आहे, शिवाय पायाखालचा पत्रा वेल्डिंग करायचा आहे. भाऊ म्हणतो विकून टाकू. आई ऐकत नाही.

2025 च्या जुलैमध्ये बाबांना पुन्हा रात्री धाप लागली. पाऊस तसाच. चावी फिरवली, टक. आम्ही उतरेपर्यंत लेक टॉर्च घेऊन बॉनेटपाशी पोहोचली होती. वहीत त्या रात्रीची तिची नोंद आहे: "निगेटिव्हचा नट ढिला. दहाचा पाना. चार मिनिटे. खर्च नाही. आजोबा दवाखान्यात वेळेत पोचले. नटाखाली वॉशर टाकायचा आहे." वॉशर दुसऱ्या दिवशी टाकला.